गॅस बंद केला, पण खरंच केला का?

ह्या महिन्याच्या पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच वळणाची निघाली, कुणाचं धुणं संपत नाही, कुणाचं तपासणं, कुणाच्या डोक्यात नको नको ते येतं, कुणाच्या छातीत धडधड. म्हणून अख्खा कॉलम ह्यालाच दिलाय, म्हणजे ओसीडी (ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह डिसऑर्डर, नकोसे विचार येत राहणं आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करावी लागणं) आणि चिंतेच्या आजारांना. गावं, वयं, घरातली माणसं थोडी बदललीत म्हणजे कुणी ओळखू नये. आणि पत्रावरून निदान होत नसतं हे आधीच सांगून ठेवते, त्याला समोर बसणारं माणूस लागतं.

प्रश्न: मॅडम नमस्कार. आम्ही लातूरला राहतो, माझं छोटं दुकान आहे. मिसेसला हात धुवायची सवय आधीपासून होती पण कोरोनापासून लईच वाढलंय. दुधाची पिशवी साबणानं धुती, मी दुकानातून आलो की कपडे बाहेरच काढायचे, नोटा वेगळ्या डब्यात, पोरांनी दप्तर दारातच ठेवायचं. आंघोळीला दीड दीड तास. आमच्याकडं नळाला रोज पाणी नाही, बोअर आटलाय, उन्हाळ्यात टँकर घ्यावं लागतं आणि टाकी दोन दिवसात खाली. आई आधी कौतुकानं म्हणायची सून लई सोवळ्याची आहे, आता म्हणायलीय कुणीतरी करणी केली, एकदा दाखवून आणू. मागच्या आठवड्यात रागाच्या भरात मी टाकीचा कॉकच बंद केला तर ती बाथरूममधी बसून रडत राहिली, बाहेर येईना. मी काय करू?

उत्तर: दादा, आधी आईंचा मुद्दा मिटवू. करणी-बिरणी काही नाही, भगताला द्यायचे पैसे टँकरसाठी ठेवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा ओसीडीचा प्रकार वाटतो, जुनी माणसं मंत्रचळ म्हणायची तोच. ह्यात होतं असं की मनात शंका येते, हाताला काहीतरी लागलंय, आता पोरांना काहीतरी होणार, जीव घाबरा होतो, मग धुतलं की जरा बरं वाटतं, आणि हे जे बरं वाटणं आहे ना तिथंच सगळी गोम आहे, कारण मेंदू शिकतो की धुतलं म्हणून वाचलो, आणि पुढच्या खेपेला शंका अजून जोरात येते. दीड तास आंघोळ करून तुमच्या मिसेस बाहेर येतात तेव्हा ताज्यातवान्या दिसतात का थकून गेलेल्या, एवढं एकदा बघा. स्वच्छतेच्या हौसेनं कुणी असं दमत नाही.

आता कॉकचं. तुम्हाला नवल वाटेल, पण ह्या आजारावर आज जगभर जी उपचारपद्धत वापरतात तिची सुरुवात जवळपास अशीच झाली. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं दोन पेशंटचा अनुभव छापला. त्यातल्या धुण्याचा त्रास असलेल्या बाईला त्यानं वॉर्डात घाण वाटणाऱ्या वस्तू मुद्दाम हाताळायला लावल्या आणि नंतर धुऊ दिलं नाही, खोलीतले नळसुद्धा बंद ठेवले. पण तिथं दवाखाना होता, नर्स तासन्तास सोबत होत्या, ठरवून केलेला उपचार होता. तुमच्याकडं नुसता राग होता. नळ बंद करून माणसाला भीतीत एकटं सोडलं तर ते फक्त एवढंच शिकतं की नवऱ्यावर भरवसा ठेवायचा नाही आणि पुढच्या वेळी बादली आधीच भरून ठेवायची.

आजकाल हे इतकं कडक करतही नाहीत. ह्याला ईआरपी म्हणतात, म्हणजे भीती वाटते त्या गोष्टीजवळ जायचं आणि नंतरचं धुणं-पुसणं टाळायचं, आणि ते पायरीपायरीनं, पेशंटनं स्वतः ठरवलेल्या क्रमानं. पहिल्या आठवड्यात दुकानातली दहाची नोट हातात धरून नुसतं बसायचं. मग तोच हात पदराला पुसायचा. मग पोराचं दप्तर पलंगावर. मग ते दप्तर उचलून ठेवलं आणि हात न धुता भाकरी थापली, इथपर्यंत पोचायला काही महिनेही लागतात. भीती दर वेळी उतरतेच असं नाही, पण भीती असतानासुद्धा बसता येतं आणि जे होणार म्हणून वाटत होतं ते होत नाही, हे अंगाला कळावं लागतं, सांगून कळत नाही.

हे कितपत लागू पडतं? २००५ साली एडना फोआ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १२२ पेशंटवर केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांनी, नुसत्या खोट्या गोळ्या दिलेल्या गटात १०० पैकी ८ जणांना फरक पडला, क्लोमिप्रामीन ह्या औषधानं ४२ जणांना, ईआरपीनं ६२, आणि दोन्ही मिळून ७०. म्हणजे जादू नाही, १०० तले ३० उरतातच, आणि मधेच सोडून देणारेही असतात कारण उपचार अवघड आहे. पण ७० हा आकडा मला तरी लई मोठा वाटतो.

आणि आता तुमचं स्वतःचं. बाहेर कपडे काढणारे तुम्ही, नोटांचा डबा करणारे तुम्ही, दप्तर दारात ठेवायला पोरांना शिकवणारे तुम्ही. प्रेमापोटीच करताय, भांडण नको म्हणून करताय, मान्य. पण असा दिलासा म्हणजे सावकाराचं व्याज आहे, आज भरलं की आजचा दिवस सुटतो आणि मुद्दल तिथंच. ओसीडीच्या जवळपास प्रत्येक घरात हे सापडतं आणि जितकं जास्त सांभाळून घ्याल तितका त्रास टिकतो. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ ह्यांनी पोरांच्या चिंतेवर असंच काम केलं, पोराला उपचार न देता फक्त आईबापाला सांभाळून घेणं कमी करायला शिकवलं, तर २०२० साली छापलेल्या निकालात पोरांना थेट उपचार दिल्याइतकाच फायदा दिसला. तुमच्या मिसेस काही लेकरू नाहीत, पण घरच्यांनी बदललं की बदल होतो एवढं त्यातून घ्या.

फक्त एका रात्रीत सगळं बंद करू नका. त्यांच्याशी बसून एक गोष्ट ठरवा, समजा नोटांचा डबा, आणि सांगा की अमुक तारखेपासून मी नोटा खिशातच ठेवणार. त्या घाबरतील, चिडतील. तेव्हा एवढंच म्हणायचं, तुला भीती वाटतीय ते मला दिसतंय आणि मी इथंच आहे. "काही होत नाही गं" असं शंभरदा म्हणायचं नाही, तेसुद्धा साबणच आहे. आणि ह्याच्या आधी एकदा दवाखान्यात जाऊन या, शेवटच्या प्रश्नात कुठं जायचं ते लिहिलंय.

प्रश्न: मी परभणीला शिक्षक आहे. घर सोडताना गॅस आणि कुलूप पुन्हा पुन्हा बघावं लागतं. कधी कधी स्टँडवरून परत आलोय, बस गेली. आता बंद शेगडीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवतो, ते बरंय का?

उत्तर: सर, फोटो किती दिवस पुरला? माझा अंदाज, सुरुवातीला पुरला असेल, आता तुम्ही फोटो झूम करून बघत असणार आणि हा आजचाच आहे का कालचा म्हणून तारीखही बघत असणार.

नेदरलँड्समध्ये मार्सेल व्हॅन डेन हाऊट आणि मेरेल किंट ह्या दोघांनी २००३ साली मोठा मजेदार प्रयोग छापला. ओसीडी नसलेल्या साध्या पोरापोरींना कॉम्प्युटरवरची गॅसची शेगडी चालू-बंद करून पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटी विचारलं, शेवटच्या वेळी कोणते बर्नर तपासले? उत्तरं बरोबरच आली, आठवण काही बिघडली नव्हती. पण त्या आठवणीवरचा भरवसा मात्र गेला होता, चित्र धूसर झालं होतं. म्हणजे तुम्ही म्हणता मला खात्री नाही म्हणून मी तपासतो, आणि प्रयोग सांगतो की तपासतो म्हणून खात्री जाते. ओसीडीवरच्या संशोधनातला हा मला सगळ्यात आवडणारा निकाल आहे, कारण चांगल्या धडधाकट माणसालाही हे करता येतं, अर्ध्या तासात.

तेव्हा एकदा, हात लावून, नीट बघून बंद करायचा आणि निघायचं. फोटो नाही, शेजारच्या काकूंना फोन नाही. बसमध्ये बसल्यावर पोटात गोळा येईल, येऊ द्या. "असेल चालू, नसेल चालू" एवढ्यावर वाक्य सोडून द्यायला शिकायचंय, अवघड आहे पण तेच शिकायचंय. रोजचा तासाभराहून जास्त वेळ ह्यात जात असेल किंवा शाळेला उशीर व्हायला लागला असेल तर मात्र एकट्यानं झगडू नका.

प्रश्न: मला कपाटातले कपडे रंगाप्रमाणे लावल्याशिवाय चैन पडत नाही, मैत्रिणी म्हणतात तुला ओसीडी आहे. खरंय का? (जालना)

उत्तर: कपडे लावून झाल्यावर तुम्हाला छान वाटतं ना? मग नाही. मैत्रिणींना रील कमी बघायला सांगा.

प्रश्न: ताई, हे मी कुणालाच बोलले नाही. मी बाळंतपणाला माहेरी आलेय, अंबाजोगाईजवळ खेडं आहे. बाळ दीड महिन्याचं आहे. विळी बघितली की मनात येतं मी बाळाला काही करून बसले तर. आडाजवळून जाताना पण तसंच. मला असं काही करायचं नाहीये हो, माझं लेकरू माझा जीव आहे, पण विचार येतोच. मी विळी लपवून ठेवलीय, बाळाला आंघोळ पण आईच घालती, मी एकटी बाळाजवळ थांबत नाही. आईला वाटायलंय मला बाळाची माया नाही. मी वेडी व्हायलेय का? पोलीस केस होईल का सांगितलं तर?

उत्तर: नाही बाई. वेडी होत नाहीयेस आणि असा विचार मनात आला म्हणून कुणी पोलीस केस करत नसतं. तू लिहिलंस हे फार बरं केलंस.

बाळंतिणींना असे विचार येतात हे आपल्याकडं कुणी कुणाला सांगत नाही, डोहाळे, डिंकाचे लाडू, शेकशेगडी सगळं बोललं जातं आणि हे तेवढं राहतं. कॅनडात निकोल फेअरब्रदर आणि शीला वुडी ह्यांनी २००८ साली छापलेल्या अभ्यासात नव्या आयांना नीट विचारलं, तर बाळाला चुकून इजा होईल असा विचार सगळ्यांच्याच मनात येऊन गेलेला, आणि आपणच मुद्दाम काही करू असा नकोसा विचार जवळपास निम्म्या जणींना. निम्म्या! ह्या अगदी चांगल्या, मायाळू बायका होत्या. आणि बाळंतिणींचंच कशाला, १९७८ मध्ये रॅचमन आणि डिसिल्वा ह्यांनी दाखवलं की ओसीडी असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या मनात येणारे ओंगळ विचार साधारण एकाच जातीचे असतात. पुढं २०१४ साली १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना विचारलं तर १०० पैकी ९४ जणांना मागच्या तीन महिन्यात असा एकतरी नकोसा विचार येऊन गेला होता. गाडीखाली कुणाला ढकलावं, देवळात शिवी द्यावी, असले. बाकीच्यांना तो विचार आला आणि गेला. तुला तो आला आणि तू थांबून विचारलंस, मला असं सुचलंच कसं, मी कसली आई. जिला लेकराची सगळ्यात जास्त काळजी तिलाच तो जास्त टोचतो, म्हणून तो चिकटला.

विचार दाबून बघितला असशील. दाबून जात नाही. अमेरिकेत डॅनियल वेगनरनं १९८७ साली विद्यार्थ्यांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या, आणि ज्यांनी आधी दाबायचा प्रयत्न केला त्यांना नंतर मोकळीक दिल्यावर अस्वल उलट जास्तच आलं. तू विळी लपवतेस, बाळापासून लांब थांबतेस, हे सगळं अस्वल दाबणंच आहे, आणि दर वेळी मेंदूला निरोप जातो की धोका खरा होता म्हणूनच लपवली.

उपचारात उलटं करतात. मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीनं तू हळूहळू बाळाजवळ बसशील, मग आंघोळ घालशील, मग बाळ पाळण्यात असताना विळीवर भाजी चिरशील, आणि विचार आला तर त्याला "आलास का, बस" म्हणशील, त्याच्याशी भांडणार नाहीस. अंगावर पाजत असताना घेता येतात अशी औषधंही आहेत, ते डॉक्टर ठरवतील, अंगावर पाजतेस हे मात्र आठवणीनं सांग.

एक गोष्ट वेगळी ओळखून ठेव, तुझ्या आईलाही वाचून दाखव. रात्री-रात्री झोपच येत नसेल, कानात आवाज येऊन काही करायला सांगत असतील, बाळात काहीतरी वाईट शिरलंय अशी खात्री वाटायला लागली असेल, बोलणं असंबद्ध होत असेल किंवा स्वतःचा जीव नकोसा झाला असेल, तर तो वेगळा आणि तातडीचा आजार असतो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही. तुझ्या पत्रात त्यातलं काही दिसत नाही, तुला तुझ्या विचाराची भीती वाटतीय आणि हाच मोठा फरक आहे. तरी बोलायला आजच सुरुवात कर, १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे फोनवर मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या सेवेचा, सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. आणि अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज तुला जवळ आहे, तिथं मानसोपचार विभाग आहे. तुझ्या आईला हा कॉलम दे आणि तू बाजूला बस, बोलायचं जड जात असेल तर ही सोपी युक्ती आहे.

प्रश्न: मी हिंगोलीचा, लातूरला हॉस्टेलवर राहून मेडिकलची नीट परीक्षा रिपीट करायलोय. टेस्ट चालू असताना अचानक छातीत धडधड, हात गार, श्वास कोंडतो, वाटतं आता मेलो. दोनदा कॅज्युअल्टीत नेलं, ईसीजी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे. रूममेट त्याच्याकडची अल्प्राझोलमची गोळी देतो, तिनं बरं वाटतं. आता टेस्टला जायचीच भीती वाटायलीय. हे पण ओसीडीच का?

उत्तर: नाही रे, हे पॅनिक अटॅकसारखं, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यासारखं वाटतंय. नात्यातलेच आहेत दोन्ही, २०१३ पर्यंत अमेरिकन डॉक्टरांच्या यादीत ओसीडी चिंतेच्या आजारांतच धरायचे, मग वेगळा काढला.

पॅनिकचं गणित ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्कनं १९८६ साली मांडलं आणि ते अजून टिकून आहे. धडधड होते, ती कशानंही होईल, जागरणानं, चहानं, पेपर अवघड आला म्हणून. तू तिचा अर्थ लावतोस की हार्ट अटॅक. त्या अर्थाची भीती वाटते म्हणून धडधड अजून वाढते, आणि वाढली म्हणजे नक्कीच हार्ट अटॅक. हा फेरा साधारण दहा मिनिटात टोकाला जातो आणि मग आपोआप उतरतो, तू काही न करता. पण तू दर वेळी काहीतरी केलेलं असतंस, गोळी घेतलीस, वर्गातून उठून गेलास, त्यामुळं श्रेय गोळीला जातं.

उपचारात आधी फेरा समजून घेतात आणि मग तीच लक्षणं मुद्दाम आणतात: जागच्या जागी पळून धडधड, फिरत्या खुर्चीत गरगरणं, भराभर श्वास घेऊन हातापायाला मुंग्या. हसू येईल, पण हृदय तपासलेलं असताना तज्ज्ञासमोर हे केलं की मेंदूला कळतं, धडधड म्हणजे धडधड, पुढं काही नाही.

रूममेटच्या गोळीबद्दल मात्र रागावून सांगते, बंद. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचीच नसते, सवय लागते, झोप आणते आणि पाठांतर बिघडवते, आणि तुझं तर सगळं पाठांतरावरच चाललंय. रोज घेत असशील तर मात्र एकदम तोडू नको, डॉक्टरांना विचारून कमी कर. आणि घरी सांग. आईवडिलांना फीची आठवण काढून बोलायची सवय असते मला माहितीय, तरी सांग, बाराशे मुलांच्या बॅचमध्ये तू एकटाच नाहीयेस ज्याला हे होतंय. टेस्ट चुकवू नको, वाटलं तर शेवटच्या बाकावर बस, पण बस.

प्रश्न: मुलाला ओसीडीसाठी फ्लुओक्सेटिन चालू केलंय, तीन आठवडे झाले, काडीचा फरक नाही. पाहुणे म्हणायलेत मेंदूच्या गोळ्या आयुष्यभर सुटत नाहीत. कुणी म्हणतं नुसत्या बोलण्यानं काय होतंय. आम्ही शेतकरी माणसं, किती खर्च येतो, कुठं जावं? (ता. पूर्णा)

उत्तर: काका, तीन आठवड्यांत निकाल मागू नका. डिप्रेशनपेक्षा ओसीडीत ह्या गोळ्यांना जास्त वेळ लागतो, १० ते १२ आठवडे धरा, आणि डोसही बऱ्याचदा जास्त लागतो, म्हणून डॉक्टरांनी वाढवला तर घाबरू नका. बरं वाटल्यावर साधारण वर्ष-दोन वर्षं चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. काहींना जास्त काळ लागतात, ते खरंय, पण बीपीची गोळी पाहुणे किती वर्षं घेतायत तेही विचारा. ह्या औषधांची सवय लागत नाही, फक्त अचानक बंद केली तर चक्कर, चिडचिड होते. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलगा फार अस्वस्थ झाला किंवा मरायच्या गोष्टी बोलला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, तरुण पोरांत हे बघावं लागतं.

बोलण्यानं काय होतंय ह्याचं उत्तर स्कॅनमध्ये आहे. लॉस एंजेलिसला लुईस बॅक्स्टर ह्यांनी १९९२ साली छापलेल्या कामात काही पेशंटना फ्लुओक्सेटिन दिलं, काहींना फक्त वर्तनोपचार, आणि आधी-नंतर मेंदूचे पेट स्कॅन काढले, म्हणजे कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारे. जे बरे झाले त्यांच्या मेंदूतल्या कॉडेट नावाच्या भागातलं जास्तीचं काम कमी झालेलं दिसलं, गोळीनं बरे झालेल्यांच्याही आणि गोळीशिवाय झालेल्यांच्याही.

कुठं जावं: तुम्हाला नांदेडचं विष्णुपुरीचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ पडेल, संभाजीनगरकडच्यांना तिथलं घाटी हे सरकारी रुग्णालय आहे, लातूर आणि अंबाजोगाईलाही सरकारी कॉलेजं आहेत, केस पेपरचा खर्च नाममात्र असतो. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचा विभाग चालतो. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर देतात, ईआरपी बहुधा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात, त्यांची आरसीआयकडं (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका. आणि सरळ विचारा, तुम्ही ईआरपी करता का? "रिलॅक्स राहायला शिकवतो" एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडं बघा. खरी अडचण हीच आहे, आपल्या भागात गोळी लिहिणारे सापडतात, ईआरपी करणारे कमी. फोनवर, व्हिडिओवर सत्रं होतात, ती चालतात. फारच हट्टी आजार असेल तर बेंगळुरूच्या निम्हान्स ह्या मानसिक आजारांच्या केंद्रीय संस्थेत ओसीडीचं वेगळं क्लिनिक आहे, रेल्वेनं जाऊन येणारी माणसं नांदेडचीही असतात.

घरात आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं कंपनीला मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरावं लागतं, पण बहुतेक पॉलिसीत ॲडमिट झाल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, तेवढं बघून घ्या.

जाताना आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन जा, कोणती गोळी किती डोसनं किती दिवस घेतली ते लिहून न्या. आणि मुलाचा दिवसातला किती वेळ ह्यात जातो ते त्यालाच लिहायला सांगा, तुम्ही लिहाल तर कमी निघेल, कारण अर्ध्याहून जास्त तो मनातल्या मनात करत असतो.